सात ते आठ इंग्रजी

गेली बावीस वर्षं मी जालन्यात इंग्रजीचा प्राध्यापक आहे आणि या बावीस वर्षांत माझ्या बोलण्यातल्या इंग्रजीत एकाही माणसाला चूक काढता आलेली नाही. हे मी गर्वानं सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. विद्यार्थी आले, गेले, पास झाले, नापास झाले, काही पुढाऱ्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला लागले. चूक कुणालाच सापडली नाही. याचं कारण साधं आहे. माझं बोलण्यातलं इंग्रजी आजवर कुणी ऐकलेलंच नाही.

गैरसमज नको. मी इंग्रजी शिकवतो आणि मनापासून शिकवतो. पुस्तक उघडायचं, एक ओळ इंग्रजीत वाचायची, चष्म्यावरून वर्गाकडं बघायचं आणि म्हणायचं, "म्हणजे काय, तर..." त्यापुढं मराठी. तास संपेपर्यंत मराठी. मला माझ्या सरांनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या सरांनी. ही परंपरा मागं मागं जात बहुधा एखाद्या गोऱ्या साहेबापर्यंत पोचत असेल, आणि त्या साहेबाला मराठी उत्तम येत असणार. पोरं मला माघारी 'म्हणजे-काय सर' म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. खरं तर थोडं वाटतं, पण इंग्रजीच्या माणसानं भावना आवरायच्या असतात.

माझी बायको संध्या इथल्याच एका संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवते. मार्च महिन्यात त्या संस्थेच्या सचिवांना साक्षात्कार झाला, की पालक पोरांना आपल्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घालतात ते इंग्रजीपायी. (त्यात गळक्या छताचाही वाटा होता, पण साक्षात्कारात छत आलं नाही.) तेव्हा जूनपासून सेमी-इंग्रजीचा वर्ग काढायचा ठरला. लगेच परिपत्रक निघालं. ते इतक्या कडक मराठीत होतं, की संध्यानं ते अर्थ विचारायला माझ्याकडं आणलं. "आंग्ल माध्यमातून अध्यापनक्षमता समितीसमक्ष सिद्ध करणे अनिवार्य राहील."

"म्हणजे काय, तर," मी सवयीनं म्हणालो, "समितीपुढं इंग्रजीतून पाठ घ्यायचा."

"ते कळलं. खाली बघा."

खाली लिहिलं होतं, की ज्यांना ते जमणार नाही त्यांची रवानगी संस्थेच्या तीर्थपुरीपुढच्या शाखेत होईल. तीर्थपुरी चांगलं गाव आहे, बाजार मोठा भरतो, पण त्यात रोज पहाटेच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीला परत यावं असं काही नाही. शिवाय मुद्दा एसटीचा नव्हता. संध्यानं शाळेची अडगळीची खोली रिकामी करून तिथं प्रयोगशाळा उभी केली होती. तुटक्या बाकांच्या फळ्या करून मांडण्या केल्या, माजी विद्यार्थ्यांच्या मागं लागून सूक्ष्मदर्शक आणला, प्लास्टिकचा एक सांगाडा आणला, ज्याला ती दर रविवारी स्वतः पुसते. मला ती इतक्या मायेनं कधी पुसत नाही, हे जाता जाता.

"दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली गेली, की तिथं परत झाडू आणि सतरंज्या ठेवतील," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मेथीची काडी ती सहसा तीन तुकड्यांत मोडते. त्या दिवशी मोडतच राहिली.

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "घाबरतेस काय? घरात इंग्रजीचा प्राध्यापक आहे. मी शिकवतो."

तिनं वर बघितलं. "तुम्ही?"

एकच शब्द. पण बावीस वर्षांच्या सेवेवर पाणी पडायला भाषेत पुष्कळ शब्द लागत नाहीत.

पुढं कळलं, की शिकवायला तिच्या मनात शेजारची रुचि होती. जुन्या जालन्यात आमची आणि दीपचंदजींची भिंत एकच आहे. दीपचंदजींचं खाली कापडाचं ठोक दुकान, वर घर. रुचि त्यांची सून. पुण्याच्या कुठल्या कंपनीचं काम ती घरूनच करते आणि दिवसभर भिंतीपलीकडून परदेशातल्या लोकांना इंग्रजीत दटावत असते. तिचं इंग्रजी मी ऐकलेलं आहे. भरभर आहे, पण त्यात खोली नाही. मी संध्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, "समितीला खोली नकोय, पाठ पाहिजे." मग मात्र माझ्यातला शिक्षक जागा झाला आणि मी माझ्या आयुष्यातला पहिला शैक्षणिक प्रयोग जाहीर केला. रोज संध्याकाळी सात ते आठ या घरात इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. कुणीही. मुलगा शिकायला पुण्यात असतो, म्हणून तो वाचला.

पहिल्या दिवशी सात वाजले. आम्ही समोरासमोर बसलो.

"गुड इव्हिनिंग," मी म्हणालो.

"गुड इव्हिनिंग," संध्या म्हणाली.

इथं मला पहिल्यांदा जाणवलं, की गुड इव्हिनिंगनंतर इंग्रजी भाषेत एक फार मोठी मोकळी जागा आहे. साहेब तिथं हवापाण्याबद्दल बोलतात म्हणे. पण जालन्यात एप्रिलमधल्या हवेबद्दल बोलण्यासारखं काय आहे? ती गरम आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

"टी?" मी विचारलं.

"यस," ती म्हणाली. आणि किंचित थांबून, "टेक वॉटर."

मी गोंधळलो.

"टेक वॉटर. हीट द वॉटर. अ‍ॅड शुगर. स्टर वेल."

मी उठलो आणि चहा केला. दुसरं काय करणार? तेव्हा लक्षात आलं, की या प्रयोगात माझी बाजू लंगडी आहे. तिचं सगळं इंग्रजी विज्ञानाच्या पुस्तकातलं, आणि तिथं प्रत्येक वाक्य म्हणजे हुकूम. घ्या, ओता, तापवा, ढवळा. माझं सगळं इंग्रजी कवितांचं. स्मशानातल्या संध्याकाळवर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलेलं आहे, पण त्यातल्या एकाही ओळीनं बायकोला 'चहा तू कर' असं सांगता येत नाही. त्या आठवड्यात मी भांडी विसळली, ओटा पुसला, पाण्याची टाकी बघितली. बाकीचा सगळा वेळ दोघंही गप्प.

चौथ्या दिवशी दूध उतू जाऊन माझ्या पायावर सांडलं आणि मी ओरडलो, "आई गं! मेलो!"

संध्यानं आधी घड्याळाकडं बघितलं, मग पायाकडं. आठ वाजेपर्यंत ती काही बोलली नाही. आठ वाजता पायाला मलम लावत म्हणाली, "नियम तुमचा आणि मोडला तुम्हीच. तुमचं असंच असतं. आता ऐका, पाठ होईपर्यंत सात ते आठ माझ्या तोंडून मराठी शब्द निघणार नाही. छत कोसळलं तरी."

संध्याची एक खोड आहे. ती बोलते तसं करते. शिक्षकी पेशात हे फारसं आढळत नाही.

दरम्यान मला एक व्यावहारिक कल्पना सुचली. मी संध्याला रीतसर इंग्रजी शिकवत असल्याचा दाखला आमच्या कॉलेजच्या कागदावर मिळाला, तर समितीवर वजन पडेल. मी कार्यालयात सर्जेराव या अधीक्षकांकडं गेलो. सर्जेरावांनी माझा अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि कपाटातून माझंच एक हमीपत्र काढलं. मी खासगी शिकवणी घेत नाही आणि घेणार नाही, असं मी दरवर्षी लिहून देतो. सगळेच देतात. त्याचा कुणी असा उपयोग करील असं वाटलं नव्हतं.

"सर, हे अर्जात तुम्ही कबूल करून राह्यले, की घरी शिकवणी चालू आहे."

"अहो, बायको आहे ती."

"हमीपत्रात बायको वगळून असं कुठंय? फी घेता?"

"छे!"

"जेवण?"

"जेवण घरीच."

"कोण करतं?"

सर्जेरावांनी मान हलवली. "मंग ते मानधनात येतं सर. बिलकुल येतं. मी असं करतो, हा अर्ज मला दिसलाच न्हाई." त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि वर उपकार केल्यासारखं पाणी प्यायला दिलं.

इकडं गल्लीत वेगळंच शिजत होतं. सामाईक भिंतीचा एक गुण असा, की तिच्यातून भांडण ऐकू येतं, टीव्ही ऐकू येतो, आणि काहीच ऐकू आलं नाही तर तेही ऐकू येतं. दीपचंदजींनी मला दुकानापुढं अडवलं.

"सर, तब्येत बराबर ना?"

"हो. का?"

"न्हाई, आवाज न्हाई येत. सात वाजले की एकदम बंद. पहिले कसं, मॅडम तुम्हाला बोलायच्या, तुम्ही न्हाई बोलायचे, आम्हाला कळायचं सगळं ठीक आहे. आता चैन न्हाई पडत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काही खटपट असेल तर मला सांगा. माझं अन् बसंतीचं पण एकदा चार महिने बंद होतं. पण दुकानात माल यायचा, मंग मोजायला दोन माणसं लागतात. बोलावंच लागलं."

मी सांगितलं, की आम्ही इंग्रजीचा सराव करतोय. दीपचंदजींनी माझ्याकडं फार करुणेनं बघितलं. "सर, मला काय सांगता? माझ्या घरात रुचि इंग्रजी बोलते. भिंती हलतात. तुमच्याकडं तर सुई पडली तरी ऐकू येते." आणि त्यांनी माझा खांदा थोपटला. माणूस खरं बोलला, की त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ही तक्रार जुनी आहे. माझी तक्रार अशी, की माझ्यावर तो पुराव्यानिशी ठेवला नाही.

बसंतीबाईंचं मत मात्र वेगळं होतं. त्या एके दिवशी सव्वासातला कढीचं पातेलं घेऊन आल्या.

"संध्या बेटा, कढी केल्ती, म्हटलं द्यावी. काय करून राह्यली?"

संध्या हसली. हात जोडले. बोलली नाही.

"काय झालं? गळा बसला?"

संध्यानं मानेनं नाही म्हटलं. मी मदतीला धावलो, पण नियम माझाही होता आणि दुधाचा प्रसंग ताजा होता. मी नुसतं घड्याळाकडं बोट केलं आणि मग आठच्या आकड्याकडं. बसंतीबाईंनी माझ्या बोटाकडं बघितलं, संध्याच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"मौन! आठ वाजेपर्यंत मौन!" त्यांनी पातेलं खाली ठेवून संध्याला नमस्कार केला. "अन् आमचे हे म्हणतात भांडण. या माणसांना धर्म कळत न्हाई."

बसंतीबाई जैन. त्यांच्याकडं कुणी मौन धरलं, उपास केला, की बाकीच्या बायका जमून त्याचं कौतुक करतात. त्याला अनुमोदना म्हणतात. स्वतःला जमलं नाही तरी दुसऱ्याच्या तपाचं पुण्य थोडं आपल्याकडं यावं, असा त्यात हिशेब असतो. संध्याला हा हिशेब पुसायची सोय नव्हती. आपण मौनात नाही, हे तिला मराठीत बोलूनच सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सात वाजता गल्लीतल्या आठ-दहा बायका आल्या. नारळ दिला, साडी दिली, तिच्याभोवती बसून भजन म्हटलं. संध्या मधोमध, मांडीखाली विज्ञानाचं पुस्तक दाबून. ती इतकी शांत, इतकी तेजस्वी दिसत होती, की मलाही क्षणभर शंका आली. जाताना एकीनं तिला विचारलं, की कशासाठी धरलं मौन? दुसरी म्हणाली, "विचारू नको गं. नवऱ्याच्या भल्यासाठीच असणार." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ज्याच्यासाठी एवढं तप करावं लागतं तो माणूस कसा असेल, हे त्या नजरेत स्पष्ट होतं.

आठ वाजून गेल्यावर संध्या बसंतीबाईंकडं साडी परत करायला आणि खरं काय ते सांगायला गेली. बसंतीबाई म्हणाल्या, "तपस्वी लोक असंच म्हणतात बेटा," आणि साडी परत घेतली नाही. नारळाची आम्ही चटणी केली. वाया कशाला घालवायचा?

आता दीपचंदजींच्या दुकानात खेड्यापाड्यांचे दुकानदार येतात, आणि त्यांतला एक पिंपळगाव रेणुकाईचा निघाला. ते संध्याचं माहेर. तिथं माझे सासरे तातेराव राहतात. दुकानदारानं माल बांधता बांधता ऐकलं, की तुमच्या गावची संध्या मॅडम नवऱ्याशी बोलत नाही. पिंपळगावात बातमी पोचेपर्यंत 'बोलत नाही'चं 'नांदत नाही' झालं होतं. पाठ शनिवारी होता. गुरुवारी सातला पाच कमी असताना दार वाजलं. दारात तातेराव, सासूबाई मालनबाई, आणि त्यांच्यामागं रखमाजी. ते नात्यातले कुणी नव्हेत. पंचक्रोशीत नवराबायकोची भांडणं मिटवायला जे बोलावले जातात, ते रखमाजी. त्यांना बरोबर आणलं म्हणजे ती भेट नसते, बैठक असते.

"जय भीम, पाव्हणं," तातेराव म्हणाले. "तुमच्याकडून ही आशा नव्हती."

"जय भीम, मामा. अहो पण झालं काय?"

"ते बसून बोलू." रखमाजींनी सतरंजी मागितली. बैठकीला खुर्ची चालत नाही. "शेजारपाजारचं कोन हाय? साक्षीला बलवा."

साक्षीला बोलवायची गरज पडली नाही. दीपचंदजी, बसंतीबाई आणि रुचि दारातच होते. दीपचंदजी हात जोडून म्हणाले, "मी तसं न्हाई बोललो. मी फक्त बोललो, आवाज न्हाई येत." बसंतीबाईंनी आत येऊन मालनबाईंचे हात धरले आणि सांगितलं, की तुमच्या मुलीनं मौन धरलंय, तुम्ही धन्य आहात. मालनबाईंना काहीच कळलं नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सात वाजले.

"बाई," रखमाजी संध्याला म्हणाले, "भ्यायचं न्हाई. समदी आपली मानसं हायत. काय तरास हाय तुला, ते सांग."

नियम विसरून मी चटकन म्हणालो, "अहो, हा सगळा इंग्रजीचा..."

"पाव्हणं, तुमचा नंबर मागून. आधी पोरीची बाजू."

संध्यानं घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. बापाला पिंपळगावहून एसटीचे धक्के खात यावं लागलं, त्याचा राग तिच्या डोळ्यांत होता, आणि तो सगळा माझ्यावर होता, कारण नियम माझा. मला वाटलं, आता मोडते. नाही मोडला. ती उठून उभी राहिली, फळ्यापुढं राहते तशी. पदर खोचला. शनिवारसाठी तिनं वाळू आणि पाण्याचं मिश्रण वेगळं करायचा प्रयोग पाठ केला होता. इंग्रजीत तिच्याकडं तेवढीच शिदोरी होती.

"एम," ती म्हणाली. "टू स्टडी द हसबंड."

रखमाजींनी तातेरावांकडं बघितलं, तातेरावांनी दीपचंदजींकडं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं.

"काय म्हनली ती?"

आणि बावीस वर्षांची सवय घात करून गेली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणजे काय, तर... उद्देश. नवऱ्याचा अभ्यास करणे."

"बरं!" रखमाजी सरसावून बसले. "म्होरं?"

"अपॅरॅटस. वन हसबंड, वन चेअर, वन मोबाईल."

"साहित्य," मी म्हणालो. "म्हणजे काय, तर... प्राध्यापक माणसाला अभ्यासासाठी खुर्ची आणि संपर्कासाठी..."

मागं कुजबुज झाली. रुचि सासऱ्यांपुढं आणि परगावच्या वडीलधाऱ्यांपुढं मोठ्यानं बोलत नाही. दिवसभर परदेशातल्या साहेबांना धारेवर धरते, पण घरची रीत ती घरची रीत. तिनं बसंतीबाईंच्या कानात सांगितलं आणि बसंतीबाईंनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "रुचि म्हणती, अभ्यास न्हाई बोलल्या मॅडम. एक नवरा, एक खुर्ची, एक मोबाईल. बस."

"पाव्हणं," रखमाजी म्हणाले, "बराबर सांगा. घालमेल न्हाई पायजे."

आता मागं फिरायची वाट नव्हती. संध्याला लय सापडली होती.

"प्रोसिजर. प्लेस द हसबंड ऑन द चेअर. गिव्ह टी. गिव्ह फूड. वेट ट्वेंटी इयर्स."

"कृती," मी म्हणालो. "नवऱ्याला खुर्चीवर ठेवा. चहा द्या. जेवण द्या. वीस वर्षं थांबा."

"बराबर," पलीकडून बसंतीबाई म्हणाल्या.

"ऑब्झर्वेशन. नो चेंज इन हसबंड. हसबंड डज नॉट मिक्स विथ वर्क. हसबंड सेटल्स अ‍ॅट द बॉटम."

मी घाम पुसला. मला कवितेच्या ओळींचे तीन-तीन अर्थ सांगायची सवय. इथं एकच होता. "निरीक्षण. नवऱ्यात काही बदल होत नाही. नवरा कामात मिसळत नाही. नवरा... तळाशी जाऊन बसतो."

दीपचंदजींना खोकला लागला. तो बराच वेळ लागला.

मी मालनबाईंकडं बघितलं, की निदान सासूला तरी जावयाची दया येईल. मालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडभर हसू होतं. "कशी घडाघडा बोलून राह्यली माझी माय! विंग्रजी!" आणि तातेराव? भांडण मिटवायला आलेला तो माणूस गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "अजून बोल, बाई. अजून बोल." माझी जितकी जास्त बेअब्रू होत होती तितकी त्यांची छाती फुगत होती. आरोप काय आहे याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आरोप इंग्रजीत आहे, एवढं पुरे होतं.

आणि संध्या बोलत राहिली. प्रयोगाची शिदोरी संपली तरी थांबली नाही. दुधाचं सांगितलं, गळक्या नळाचं सांगितलं, माझ्या बहिणीच्या लग्नातलं एक मी विसरलेलं प्रकरण सांगितलं. क्रियापदं कुठंही पडत होती, पण ती मागं वळून बघत नव्हती. मग एकदम तिचा आवाज बदलला. "माय लॅब," ती म्हणाली. "आय मेड माय लॅब. आय विल नॉट गिव्ह द की."

यावेळी मी 'म्हणजे काय' म्हणालो नाही. "तिची प्रयोगशाळा आहे," मी म्हणालो. "ती किल्ली देणार नाही."

रुचिनं कानात काही सांगितलं नाही.

आठ वाजले. संध्या बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, चहा टाकू का? एसटीत जागा तरी मिळाली का तुम्हाला?" मग सगळा प्रकार तिनं मराठीत सांगितला. पाच मिनिटांत संपला. बसंतीबाईंना मोठा धक्का बसला. "म्हणजे मौन न्हवतं? मंग आमच्या अनुमोदनेचं काय?" त्यावर बराच खल झाला. शेवटी, तास न् तास नवऱ्याला बोलण्यासारखं असूनही बोलली नाही, म्हणजे ते मौनच, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला.

रखमाजींना मात्र बैठक निकालाशिवाय उठवायची सवय नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली. "चूक पाव्हन्याची हाय. मोठी न्हाई, पन रोजची हाय. आता पोरीची परीक्षा होईस्तोवर ती बोलंल अन् पाव्हन्यानं ऐकायचं. मधी बोलायचं न्हाई." मी म्हणालो, मी तिचा शिक्षक आहे. रखमाजी म्हणाले, "मंग तर मुळीच न्हाई."

शुक्रवारी मी तासभर ऐकलं. शनिवारी तिला स्कूटरवर शाळेत सोडलं आणि बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती. समितीचे तिघं आणि सचिव अंगाखाली गादी घेऊन बसले होते. सुरुवातीला तिचा आवाज जरा कापला, एके ठिकाणी थांबलाही. मग तो आवाज असा सुटला, की सचिव आपोआप ताठ बसले. "टेक द सँड," ती त्यांना म्हणाली, आणि त्यांनी खरोखर उठून वाळू घेतली. पाणी ओतलं. ढवळलं.

परत येताना मी विचारलं, "मधे अडली होतीस ना? मग कसं जमलं?"

"तुम्हाला डोळ्यांपुढं आणलं," संध्या म्हणाली.

अंबड चौफुलीपर्यंत मी या वाक्यावर खूश होतो. तिथं सिग्नलला थांबल्यावर अर्थ लागला.

संध्या उत्तीर्ण झाली. पहिली आली. तिची बदली टळली आणि प्रयोगशाळेची किल्ली तिच्या पर्समध्येच राहिली. पिंपळगावात तातेरावांनी चहा पाजला. बसंतीबाईंनी आणखी एक साडी आणली, आता ती कशाबद्दल हे कुणी विचारलं नाही.

फक्त त्या परिपत्रकात 'सर्व शिक्षक' असं लिहिलेलं होतं. सर्व म्हणजे सर्व. त्यामुळं शाळेतल्या मराठीच्या सरांनाही मराठीचा पाठ इंग्रजीतून घ्यावा लागला, तो त्यांना जमला नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांची रवानगी तीर्थपुरीपुढच्या शाखेत झाली. विज्ञानाला संस्थेकडं आणखी दोघं होते. मराठीला कुणी उरलं नाही. संध्याच्या बी.एड.ला दुसरा विषय मराठी होता.

जूनपासून ती सेमी-इंग्रजीच्या वर्गाला मराठी शिकवते.